शिक्का मारणारा साक्षीदार

खटाव-माण-आटपाडीच्या पट्ट्यात गुंठ्याचा प्लॉट घेतला गेला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘काळजी करू नका, नोटरी केलीय.’ पाचशेच्या स्टँपवर टाइप केलेला करार, दोघांचे फोटो, साक्षीदारांच्या सह्या, चिकटवलेलं तिकीट आणि त्यावर उमटलेला गोल शिक्का. कागद इतका भरगच्च दिसतो की घेणाऱ्याला वाटतं, जमीन आपली झाली. ती झालेली नसते. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलंच पाहिजे, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावर बंधन घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्याची नोंदणी अनेकदा अडते, म्हणून लोक नोटरीच्या दारात जातात. पण अडलेली नोंदणी नोटरीच्या शिक्क्याने सुटत नाही. अनोंदणीकृत करार आणि मुखत्यारपत्र यांच्या जोरावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

मग त्या शिक्क्याचा अर्थ काय? एवढाच, की अमुक माणूस अमुक तारखेला माझ्यासमोर आला, त्याची ओळख पटली आणि त्याने माझ्यादेखत सही केली. आतला मजकूर खरा आहे, विकणारा खरोखर मालक आहे, सातबाऱ्यावर बोजा नाही, यातल्या कशाचीही हमी नोटरी देत नाही. तो साक्षीदार आहे. सरकारने नेमलेला, वहीत नोंद ठेवणारा, पण साक्षीदारच.

साक्षीचं मोल याच पट्ट्यातल्या औंधला कुणी शिकवायला नको. हे संस्थान ज्या पंतप्रतिनिधींचं, त्यांच्यातले परशुरामपंत त्र्यंबक हे किन्हईच्या कुलकर्ण्यांच्या घरातले. म्हणजे राजघराण्याची मुळं गावचा कागद लिहिणाऱ्या लेखणीत. त्या काळी वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, महजर म्हणजे निवाड्याचा कागद लिहिला जाई आणि त्याखाली गाव आपापली खूण करी. पाटलाचा नांगर, सुताराचं हत्यार, कुलकर्ण्याची लेखणी. अक्षर न येणाऱ्याची निशाणीही तितकीच वजनदार, कारण ती कुणासमोर केली हे सगळ्यांना ठाऊक असे. पुढे १९३९ मध्ये भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि गावातले तंटे मिटवण्याचं काम निवडून आलेल्या पंचांकडे सोपवलं. पंच, वादी, प्रतिवादी, साक्षीदार सगळे एकाच पारावरचे. तिथे ओळखपत्र मागणार कोण आणि कशाला? आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला तर संस्थानाने कैद्यांची उघडी वसाहत वसवली, जिथे माणसाच्या शब्दाशिवाय दुसरी भिंत नव्हती.

८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. औंध सातारा जिल्ह्यात राहिलं, आटपाडी कालांतराने सांगलीत गेली. एका दरबाराखालची माणसं दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत विभागली गेली. औंधकर वडूजला जाऊ लागला, आटपाडीकर आपल्या तालुक्याला. चेहऱ्याने ओळखणारं गाव मागे पडलं आणि परक्या टेबलासमोर ‘मी तोच’ हे सिद्ध करायची वेळ आली. नोटरीची गरज इथेच लागते.

हे पद युरोपातून, व्यापारी शहरांच्या वाटेने आलं. आपल्याकडे स्वतःचा कायदा होईपर्यंत नोटरी नेमण्याचा अधिकार इंग्लंडातल्या एका धर्मपीठीय अधिकाऱ्याकडे, कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायासनाशी जोडलेल्या ‘मास्टर ऑफ फॅकल्टीज’कडे होता. स्वतंत्र देशाला हे शोभणारं नव्हतं. १९५२ चा नोटरी कायदा १४ फेब्रुवारी १९५६ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी नियमही आले. बंदरांतला वास मात्र कायद्यातून पुरता गेला नाही. आठव्या कलमातल्या कामांच्या यादीत शपथ देणं, दस्त साक्षांकित करणं, भाषांतर पडताळून देणं ही कामं आहेतच. पण न वटलेल्या हुंडीबद्दल रीतसर निषेध नोंदवणं आणि जहाजाच्या प्रवासातल्या नुकसानीबद्दलचा निषेधलेख तयार करणं हेही आहे. औंधच्या यमाईच्या डोंगरावरून समुद्र दिसत नाही, पण तिथल्या नोटरीलाही तो अधिकार आहे.

आता नोटरी होण्याविषयी. वडूजच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या एखाद्या तरुण वकिलाला औंधच्या पेठेत पाटी लावायची असेल, तर पहिली अट वर्षांची. सर्वसाधारणपणे किमान दहा वर्षांची वकिली. महिला, अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी सात. न्यायिक अधिकारी किंवा सरकारी विधी सेवेत काम केलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. नेमणूक केंद्र सरकारही करतं आणि राज्य सरकारही, प्रत्येक जण ठरवून दिलेल्या क्षेत्रापुरती. कुठे जास्तीत जास्त किती नोटरी असावेत याची मर्यादा नियमांच्या परिशिष्टात असते, त्यामुळे पात्रता असूनही वर्षानुवर्षं थांबणारे वकील असतात. २०२४ मध्ये केंद्राने महाराष्ट्रात एकदम हजारो वकिलांना नोटरी म्हणून नेमलं आणि बरीच तुंबलेली रांग मोकळी झाली.

या अर्जात मला सगळ्यात रंजक वाटते ती सह्यांची जागा. अर्जावर अर्जदाराशिवाय आणखी पाच जणांनी सही करायची : एक दंडाधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक, एक व्यापारी आणि जिथे बसायचं त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी. दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात महजर नक्कीच नसणार. पण आकार तोच उतरला आहे. सत्ता, पैसा, बाजार आणि गाव या चौघांनी मिळून सांगायचं, की हा माणूस साक्ष द्यायच्या लायकीचा आहे. वर्षांची अट कागदावर मोजता येते. ही अट मोजता येत नाही, म्हणून ती सह्यांतून घेतली आहे. अर्थात, ओळखीच्या बँक साहेबांकडून दोन मिनिटांत उरकलेल्या सहीला तेवढीच किंमत, हेही खरं.

पुढचा रस्ता ठरलेला. हरकती मागवतात, छाननी होते, फी भरून नाव नोंदवहीत चढतं आणि पाच वर्षांसाठी व्यवसायाचं प्रमाणपत्र मिळतं. नूतनीकरणही पाच-पाच वर्षांचं. शिक्का कसा हवा, तेही नियमच सांगतात : गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक. क्षेत्राचा अर्थ पुष्कळांना उलटा लागतो. नोटरीने बसायचं आपल्या क्षेत्रात. येणारा कुठल्याही गावचा चालतो. आटपाडीच्या माणसाने औंधमध्ये येऊन प्रतिज्ञापत्र केलं तर बिघडत नाही. औंधच्या नोटरीने आटपाडीत जाऊन शिक्का मारला तर बिघडतं.

खरं काम वहीचं. प्रत्येक कागदाची नोंद नोंदवहीत करायची, पावती द्यायची, फीचे दर लोकांना दिसतील असे लावायचे आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षाचं विवरण सरकारला पाठवायचं. जिल्हा न्यायाधीश ही वही तपासू शकतात. उद्या न्यायालयात कुणी ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणाला, तर शिक्क्यापेक्षा वहीतली ती ओळ आणि तिच्यासमोरची सही जास्त बोलते. निरक्षर माणूस असेल तर मजकूर त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजला का ते विचारायचं आणि मगच निशाणी डावा अंगठा घ्यायचा. याला पाच मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच पाच मिनिटं वाचवली जातात. ‘कागद ठेवून जा, संध्याकाळी शिक्का मारून ठेवतो’ असं म्हणणारा नोटरी सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तो न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देत असतो. अशा गैरवर्तनाची चौकशी होऊन नोटरीचं नाव सरकारी नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. मात्र कामाच्या ओघात केलेल्या गुन्ह्याबद्दल सरकारने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेत नाही. हे संरक्षण कामापुरतं ठीक, पण फसलेल्या शेतकऱ्याला ते उंच भिंतीसारखं भासतं, हे मान्य करायला हवं.

जमिनीइतकीच दुसरी गल्लत लग्नाची. नोटरीवर लग्न लावून घेतलं, नोटरीवर फारकत घेतली, असं लोक बिनदिक्कत सांगतात. लग्न किंवा घटस्फोट यांचे दस्त करून देण्याचा नोटरीला अधिकार नाही, असं केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना बजावलं. फारकतीच्या कागदावर विसंबून दुसरं लग्न करणाऱ्याचं काय होतं, ते वकिलांना विचारावं. उलट बाजूला, जिथे नोटरीची गरजच नाही तिथे लोक पैसे मोजतात. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने राज्यात बहुतेक दाखल्यांसाठी स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकन पुरेसं ठरवलं, तरी कुठल्याशा खिडकीवर ‘नोटरी करून आणा’ म्हटलं जातं आणि माणूस मुकाट्याने रांगेत उभा राहतो.

या मुलखाची स्वतःची एक अडचण आहे, ती गलाईवाल्यांची. विटा, खानापूर, आटपाडी, खटाव भागातली सोनं-चांदी गाळणारी कुटुंबं देशभर पांगली आहेत. जमीन इकडे, भाऊ कोइमतूरला. त्याला वाटतं, तिकडच्या नोटरीकडे वटमुखत्यारपत्र करून पाठवलं की गावाकडचा धाकटा त्याच्या वतीने खरेदीखत करून देईल. नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र न्यायालयात पुरावा म्हणून मानलं जातं, बँकेत किंवा खटल्यात ते चालतंही. पण मुखत्याराने दस्त नोंदणीला सादर करायचा तर नोंदणी कायद्याचं तेहतिसावं कलम आडवं येतं : देशात राहणाऱ्याने ते मुखत्यारपत्र तो राहतो तिथल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोरच केलेलं हवं. गंमत अशी, की तोच भाऊ दुबईत असता तर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेलं चाललं असतं. फक्त तो कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. तेव्हा कोइमतूरच्या भावाने तिथल्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाचा पत्ता आधी शोधावा. इकडे धाकट्याने आटपाडीला किंवा वडूजला जाऊन मसुद्यात गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे आहे का तेवढं बघून घ्यावं. कारण तिकडचा अधिकारी काय किंवा नोटरी काय, गट नंबर बरोबर आहे का हे तपासायला कुणीच बसलेला नाही.