निर्मितिनिष्ठ कलासंशोधन आणि मार्गदर्शकाची जबाबदारी

हिंगोली जिल्ह्यातील वसमत परिसरात हळदीची काढणी सुरू झाली की गड्ड्यांपासून हळकुंडे वेगळी करण्याचे काम मुख्यत्वे स्त्रिया तासन्‌तास जमिनीवर बसून करतात. या कामासाठी सोयीचे अवजार आणि बैठक कशी असावी, हा प्रश्न अभिकल्प म्हणजेच डिझाइन विषयाच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेतला, तर त्याचे उत्तर ग्रंथालयात बसून मिळणार नाही. त्याला अवजार घडवावे लागेल, ते वापरावयास द्यावे लागेल आणि फसले तर का फसले हे पाहून दुसरे घडवावे लागेल. घडविणे हीच ज्याची अभ्यासपद्धती आहे, अशा संशोधनास निर्मितिनिष्ठ संशोधन म्हणता येईल. शिक्षकांना परिचित असलेल्या कृतिसंशोधनाशी त्याचे जवळचे नाते आहे. मात्र येथे घडविलेली वस्तू किंवा कलाकृती हीच पुराव्याचा भाग असते.

महाराष्ट्रात कलाशिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली, राज्याचे कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले आणि पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये उभे राहिले. हिंगोली जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, ते नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेविषयीचे, कलेच्या द्वारे होणारे आणि कलेसाठीचे असा संशोधनाचा तिहेरी भेद मांडला. त्यातील दुसऱ्या प्रकाराला मार्गदर्शन करणे सर्वांत अवघड.

अजिंठ्याचा धडा

अशा कामाचे एक मोठे उदाहरण मराठवाड्याच्याच भूमीत घडले. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ केला. हे काम १८८५ पर्यंत चालले. रेषा कोठे जाड होते, एका रंगावर दुसरा कसा बसविला आहे, हे केवळ पाहून कळत नाही. हात त्या मार्गाने गेला म्हणजे कळते. त्यावर आधारलेला ग्रिफिथ्स यांचा द्विखंडी ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथावर नाव मार्गदर्शकाचे, कुंचला धरणारे हात मात्र पेस्तनजी बमनजी आदी विद्यार्थ्यांचे. आजच्या पद्धतीत हे चालणार नाही.

या कथेची दुसरी बाजूही आहे. लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये अशाच आगीत जळाल्या होत्या. शिवाय रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात मूळ चित्रांवर व्हार्निश फिरविले गेले. ते पुढे काळवंडले आणि १९२० च्या सुमारास निजाम सरकारला इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रांची दुरुस्ती करून घ्यावी लागली. अभ्यासाच्या उत्साहात अभ्यासविषयालाच इजा होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. औंढा नागनाथ मंदिराच्या शिल्पांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला रेखाटनाची मुभा देताना दगडाला ठसा घेण्याचा कागद, शाई किंवा तेल लावण्यापूर्वी संबंधितांची लेखी परवानगी आहे काय, हे मार्गदर्शकाने स्वतः पाहावयास हवे.

नोंदवही आणि हंगाम

चित्रकलेच्या वर्गात विद्यार्थ्याच्या कागदावर शिक्षकाने दोन रेषा ओढून चूक दाखविण्याची पद्धत आहे. संशोधनात ती घातक ठरते. कारण मग शोध कोणाचा, हेच सांगता येत नाही. मार्गदर्शकाने हात आवरावा आणि प्रश्न विचारावेत. मूठ गोल का केली? मातीने माखलेल्या हातातून ती निसटते काय? विद्यार्थ्याने उत्तर तारखेसह नोंदवहीत लिहावे. फसलेले नमुने फेकू नयेत. अंतिम वस्तू देखणी आहे म्हणून प्रबंध उत्तम ठरत नाही. दुसऱ्या गावातील कारागिराला किंवा दुसऱ्या अभ्यासकाला त्यातून काय घेता येईल, हे लेखी भागातून स्पष्ट झाले पाहिजे. प्रदर्शन तर चार दिवसांत उतरविले जाते. म्हणून छायाचित्रे, मापे आणि नमुने परीक्षेनंतरही महाविद्यालयात जपण्याची व्यवस्था आधीच ठरवावी.

वेळापत्रकाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असेल, तर विद्यार्थ्याला हळदीच्या काढणीचे दोनच हंगाम मिळतात. विषय निश्चित करण्यातच पहिला हंगाम निघून गेला, तर तयार अवजाराची शेतावर चाचणी एकदाच होते आणि एका चाचणीवरून सुधारणा झाली की नाही हे ठरत नाही. पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी किमान तीन वर्षांचा कालावधी ठेवला आहे आणि प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडण्याची तरतूद केली आहे. ही बैठक गावातील चाचणीनंतर ठेवली, तर समितीला कागदापेक्षा अधिक काही पाहता येईल.

ग्रामपंचायतीकडे असा विद्यार्थी आला, तर त्याचे पत्र, मार्गदर्शकाचे नाव आणि कामाचा कालावधी मागून घेणे योग्य. ज्या स्त्रियांच्या कामाची छायाचित्रे घेतली जातात, त्यांना ती कशासाठी हवीत हे मराठीत समजावून सांगितले जावे आणि नकार देण्याची मोकळीक असावी. चाचणीत त्यांचा मोडणारा रोज संशोधनाच्या खर्चात आधीच धरलेला असावा. तयार अवजाराचा एक नमुना गावातच राहू द्यावा; पुढच्या काढणीला तो वापरात आहे की कोपऱ्यात पडून आहे, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्याला पुन्हा गावात पाठविणे हेही मार्गदर्शकाच्याच कामात मोडते.