पेट्रोल कुठे अडले? फवारणी पंपाचा दोष टाकीपासून शोधा



ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली, की निफाड-दिंडोरीकडच्या माणसाचा एक डोळा घडावर आणि दुसरा आभाळावर असतो. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आपण विसरलेलो नाही. गारांपुढे कुणाचे चालत नाही. पण पाऊस उघडल्यावर केवड्याचे औषध वेळेत मारणे आपल्या हातात असते. नेमका त्याच सकाळी पंप बंद पडला तर?

मोठ्या बागांत ट्रॅक्टरचा ब्लोअर आला. तरी दोन-तीन एकरांच्या बागेत आणि कांद्याच्या प्लॉटवर पेट्रोल इंजिनाचा पंप अजून राबतो आहे.

अशाच एका सकाळी मी दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत गेलो होतो. पंप चालू व्हायचा, पाच-सात मिनिटांनी गुदमरून बंद पडायचा. कारागिराने नवा कार्बोरेटर टाकायला सांगितले होते. घरधनी दोरी ओढून घामाघूम झाले होते. तेवढ्यात घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, थोडा वेळ तसाच ठेवला की परत चालतो बघा." दोष तिथेच सापडला. टाकीचे झाकण सैल केले आणि पंप थांबायचे नाव घेईना! झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. बोर्डोचे शिंतोडे वाळून ते बुजले होते. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही. सुईने छिद्र मोकळे केले, खर्च शून्य.

सरीत पाणी येत नसेल, तर आपण सरी उकरत बसत नाही; विहिरीपासून दांडाच्या कडेने चालत येतो. पेट्रोलचेही तसेच आहे. टाकी, कॉक, गाळणी, नळी, कार्बोरेटर या क्रमाने चालत या. कार्बोरेटर शेवटी उघडायचा, आधी नाही.

आधी ही काळजी घ्या

इंजिन थंड होऊ द्या. काम उघड्यावर करा. चूल, बिडी, दिवा जवळ नको. आणि नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय आजच सोडा. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कुणी चुकून गिळले तर उलटी करवू नका, तडक दवाखान्यात न्या.

तपासणीचा क्रम

१. प्लग पाहा. चार-पाच वेळा दोरी ओढून प्लग काढा. टोक कोरडे असेल तर पेट्रोल पोचत नाही, पुढे वाचा. ओले असेल तर पेट्रोल येते आहे. दोष ठिणगीचा असेल किंवा चोक जास्त वेळ ओढला गेला असेल.

२. झाकण. थोडा वेळ चालून बंद, विश्रांतीनंतर पुन्हा चालू, असे होत असेल तर झाकण सैल करून पाहा.

३. कॉक आणि गाळणी. कार्बोरेटरकडचे नळीचे टोक काढून काचेच्या बाटलीत धरा आणि कॉक उघडा. टाकी वर असलेल्या इंजिनात धार अखंड पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर गाळणी काढून पाहा. ती स्वच्छ असेल तर टाकीच्या तळाची जाळी पाहा. पाठीवरच्या काही पंपांना रबरी फुगा असतो. तो दाबताना सतत बुडबुडे दिसले, तर नळीला चीर आहे किंवा जोड सैल आहे असे समजावे.

४. पाणी. तीच बाटली थोडा वेळ हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला तर पेट्रोलमध्ये पाणी आहे.

५. कार्बोरेटर. धार चांगली आणि पेट्रोल स्वच्छ असूनही इंजिन फक्त चोकवर चालत असेल, किंवा गनची धार सोडताच दम तोडत असेल, तर जेट तुंबलेला असण्याचा संभव मोठा. उघडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे जोडताना घोटाळा होत नाही. जेट कार्बोरेटर क्लीनरने धुवून हवेने फुंकावा. त्यात तार घालू नये. छिद्र मोठे झाले की इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिते.

कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर आतली सुई अडकली आहे. कॉक बंद करा आणि दुरुस्तीशिवाय चालवू नका.

जुने पेट्रोल, नवी अडचण

आपल्या उसापासून आणि मक्यापासून केलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२२ मध्ये त्याचे प्रमाण १० टक्क्यांवर पोचले, २०२५ मध्ये सुमारे २० टक्क्यांवर. ऊसवाल्याला त्यात आनंदच आहे, पण पंपवाल्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळाभर अर्धी टाकी तशीच राहिली, तर ओलावा वाढत जाऊन इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसते. कॉक तर तळालाच असतो! असे पेट्रोल वरून नवे ओतून सुधारत नाही. सगळे काढून टाकावे लागते. ते विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि पडदे या पेट्रोलने फुगतात किंवा तडकतात. बदलताना इथेनॉलला टिकणारेच सुटे भाग मागून घ्या.

म्हणून पेट्रोल लागेल तेवढेच आणा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मग पंप कोरड्या जागी ठेवा. टू-स्ट्रोक पंपात ऑईलचे प्रमाण पुस्तिकेत दिले असेल तेवढेच ठेवा, अंदाजाने नाही.

छाटणीच्या आधी एक दुपार या कामाला द्या. घरातल्या सगळ्यांना क्रम दाखवा आणि पंप बिघडला तर आधी त्यांना विचारा: कधी बंद पडला, कसा पडला, परत कधी चालला? दिंडोरीच्या त्या बाईंनी पाना हातात घेतला नव्हता, फक्त लक्ष ठेवले होते. त्या दिवशी दुपारपर्यंत बाग फवारून झाली.