खाऱ्या समुद्रात गोडी विहीर

कोराडीहून मुलांची सहल मालवणला गेली, की होडीने सिंधुदुर्ग पाहणे ओघानेच येते. कुरटे बेटावरील या किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. तटावरून फिरून झाल्यावर आम्ही मुलांना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींपाशी थांबवतो. चहूकडे खारे पाणी, विहिरींत मात्र गोडे! हे कसे?

बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. एक लिटर गोडे पाणी सुमारे १००० ग्रॅम भरते, समुद्राचे १०२५. म्हणून सच्छिद्र जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते: समुद्रसपाटीच्या वर १ मीटर, तर खाली सुमारे ४० मीटर. (कातळात हिशेब इतका सरळ नसतो, तेथे पाणी भेगांतून साठते.)

कोराडीच्या वर्गातही हे करून पाहता येईल. स्वच्छ पेल्यात दोन चमचे मीठ विरघळलेले पाणी घ्या. खाण्याचा रंग घातलेले गोडे पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू त्यावर सोडा. दोन थर दिसतील. सरबताची नळी वरच्या थरात धरून घोटभर ओढा, गोडे लागेल. ओढतच राहिलात, की तोंड खारट होईल.

किनाऱ्यावरच्या विहिरीला पंप लावून बेसुमार उपसा केला, तर हेच घडते. मग ती पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात.