वहीत न लिहिलेला खर्च

सरकारचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, शाळेत जाणारं मूल असलेल्या मराठी घराचं जूनमध्ये. पहिल्या सत्राची फी, वह्या-पुस्तकं, गणवेशाचे दोन जोड, बूट, दप्तर, रेनकोट, व्हॅनवाल्या काकांचे आगाऊ पैसे, असं सगळं दोन-तीन आठवड्यांत अंगावर येतं. त्याआधीच्या दोन महिन्यांत वर्षाचे गहू-तांदूळ भरून झालेले असतात, मसाला कांडून आणलेला असतो, गावाला जाऊन येणं आणि चार लग्नांचे आहेर आटोपलेले असतात. पगार मात्र मार्चमध्ये होता तेवढाच. मग कुणी पतसंस्थेतून उचल घेतं, कुणी क्रेडिट कार्ड ताणतं, कुणी भावाकडे शब्द टाकतं.

यातला एकही खर्च अचानक आलेला नसतो. शाळा जूनमध्ये सुरू होणार हे घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. अडचण हिशोबाच्या पद्धतीत असते. पगार महिन्याला येतो म्हणून हिशोबही महिन्याचाच मांडला जातो, आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च त्या चौकटीत मावत नाहीत. उदाहरणादाखल, शाळेची फी ३६ हजार, शालेय सामान ८ हजार, विम्याचे हप्ते १६ हजार आणि दिवाळीचे १२ हजार धरले, तर बेरीज ७२ हजार होते. बारांनी भागलं की महिन्याला ६ हजार. पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे ६ हजार बँकेच्या आवर्ती ठेवीत वळते झाले आणि ठेवीची मुदत मे महिन्यात संपत असेल, तर जूनचा घाम बराचसा वाचतो. अनेक घरांत हेच काम भिशी करते. मे महिन्यात आपला नंबर लागावा म्हणून बायका आधीच बोलून ठेवतात. भिशीत व्याज नसतं आणि सगळा व्यवहार विश्वासावर चालतो, हे मात्र धरून चालावं लागतं.

शाळेचा आकडा कुठली शाळा निवडली यावर किती फिरतो, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतून दिसतं. सरकारी शाळेतल्या एका विद्यार्थ्यामागे कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये, तर इतर शाळांत २५,००२ रुपये. देशातले २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणीला जात होते, तो भार आणखी वेगळा. महाराष्ट्रात फी नियमनाचा २०११ चा कायदा आहे. त्यानुसार शाळेने सुचवलेली फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजुरीला यावी लागते आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. तरी या समितीवर जायला पालक सहसा तयार नसतात. कारण एकच असतं: बैठक कामाच्या दिवशी असते आणि वेळ नसतो.

लहान मुलांच्या घरातलं सगळं अर्थकारण या ‘वेळ नसतो’भोवती फिरतं. घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वीजबिल, गॅस, हप्ते असतात. मुलाला दिवसभर कोण सांभाळणार, याची नोंद बहुतेक वह्यांत नसते. शहरात दोघं कमावत असतील तर घरभाड्यानंतरचा किंवा घराच्या हप्त्यानंतरचा सर्वांत मोठा खर्च अनेकदा हाच असतो; कधी तो पैशांत द्यावा लागतो, कधी आईच्या नोकरीत, कधी आजीच्या गुडघ्यांत.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीने हे मिनिटांत मोजलं आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. मुलं, आजारी माणसं, वृद्ध यांच्या देखभालीत स्त्रियांची १३७ मिनिटं जातात, पुरुषांची ७५. आधीच्या, २०१९ च्या पाहणीत घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला, पण तफावत होती तिथेच राहिली.

मूल सहा-सात महिन्यांचं झालं की हा प्रश्न टाळता येत नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणं बंधनकारक झालं. वडिलांसाठी असा सर्वांना लागू होणारा कायदा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, खासगी नोकरीत मालक देईल तेवढी. आणि ज्यांच्या घरी बाळ सर्वांत आधी परक्या हाती सोपवावं लागतं, त्या धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतमजुरी करणाऱ्या बायकांपर्यंत २६ आठवडे पोहोचतच नाहीत.

रजा संपत आली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तिचा अर्धा पगार पाळणाघरातच जाणार, मग नोकरी कशाला?’ हे गणित नीट मांडून पाहण्यासारखं आहे. समजा, आईच्या हाती महिन्याला ३० हजार येतात. पाळणाघराचे ९ हजार, जाण्यायेण्याचे ३ हजार, पोळ्यांना आणि वरकामाला बाई लावली तिचे ४ हजार, असे १६ हजार गेले आणि १४ उरले. एवढ्यावरून निकाल लावताना तीन गोष्टी निसटतात. एक, पाळणाघराचा खर्च फक्त तिच्या पगारातून वजा केला जातो. मूल दोघांचं, वडिलांनाही कामावर जाता येतं ते त्याच पाळणाघरामुळे. दोन, भविष्य निर्वाह निधी. १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्के कर्मचाऱ्याचे आणि १२ टक्के मालकाच्या बाजूचे, म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये, पाच वर्षांत व्याज सोडून २ लाख १६ हजार. तीन, हा खर्च चार-पाच वर्षांचा असतो. सुटलेली नोकरी परत धरताना मात्र मधल्या पगारवाढी आणि बढत्या हिशोबात येत नाहीत, सुरुवात बहुधा खालच्या पायरीवरून होते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या कमाईच्या अभ्यासासाठी. श्रीमंत देशांत सारख्याच कामातल्या स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतला फरक मुख्यतः पहिल्या बाळाच्या जन्मापासून रुंदावतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं.

याचा अर्थ प्रत्येक आईने कामावर जावंच, असा नाही. बाळाची तब्येत, कामाच्या वेळा, गावात पाळणाघर असणं-नसणं यावर उत्तर बदलतं. घरी राहायचं ठरलं तरी तो दोघांनी मिळून केलेला खर्च आहे, हे धरून तिच्या नावावर दरमहा काही रक्कम टाकणारी जोडपी आहेत. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं वर्षाला ५०० रुपयांतही चालू राहतं.

तिसरी वाट आजी-आजोबांची. साताऱ्याचं किंवा रत्नागिरीचं घर बंद करून सहा महिने मुलीकडे ठाण्याला, सहा महिने मुलाकडे हिंजवडीला, असा फेरा कितीतरी निवृत्त जोडपी घालतात. इथे पैशांची गोष्ट काढणं आपल्याकडे परकेपणाचं वाटतं, त्यामुळे खर्च झाकून राहतो. आजीच्या औषधांचं बिल, गावच्या घराची पावसाळ्यातली डागडुजी, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, एवढं ठरवून दिलेलं असेल तर नाती अवघडत नाहीत. नाहीतर एखाद्या रविवारी ‘आम्ही काय इथे राबायलाच आलोय का’ हे ऐकावं लागतं.

वेळेची टंचाई किराण्यातही उतरते. २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार शहरी भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये होता, ग्रामीण भागात ४,१२२. खाण्यापिण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा दुधाचा किंवा भाजीचा नव्हता. दोन्हीकडे तो पेयं, चटपटीत खाणं आणि तयार पदार्थांचा होता. संध्याकाळी सात वाजता दमून आलेल्या माणसाला भुकेलं पोर गप्प करायचं असतं, तेव्हा बिस्किटाचा पुडा उघडणं सोपं पडतं. नाचणीचं सत्त्व, भाजणी, मेतकूट, भाजके शेंगदाणे हे स्वस्त आणि पौष्टिक पर्याय आपल्याच स्वयंपाकघरातले. पण सत्त्वासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळावी लागते आणि त्यासाठी सुट्टीचा अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस कोणाचा, हे ठरल्याशिवाय ‘बाहेरचं बंद’ हा ठराव आठवडाभरही टिकत नाही.

पैसे देणं जितकं सोपं झालं, तितकं या गळतीकडे लक्ष कमी गेलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि डाळीच्या डब्यातल्या नोटा मोजायची सवय मोडली. पूर्वी डबा रिकामा दिसला की हात थांबायचा. मोबाइलवरच्या खात्यात फी, विमा, भाजी सगळं एकाच आकड्यात मिसळलेलं असतं. त्यावर काही जोडप्यांनी साधी तोड काढली आहे. घरखर्चासाठी वेगळं बचत खातं, महिन्याच्या सुरुवातीला त्यात ठरलेली रक्कम, आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेलं. दिवसाकाठी नोंदी लिहायची गरज उरत नाही, शिल्लक आकडाच बोलतो.

बाळगाडी, फ्रिज, टॅब यांच्यासाठी दुकानात ‘शून्य व्याजाचा हप्ता’ पुढे केला जातो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच: रोखीने मिळाली असती ती सूट हप्त्यावर मिळत नाही, किंवा प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी लागतो. दोन किमती शेजारी मांडून पाहिल्या की ते दिसतं. करांच्या बाबतीत अलीकडे थोडा दिलासाही मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांचे डायपर आणि दुधाच्या बाटल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, वह्या, पेन्सिली आणि खोडरबर करमुक्त झाले, आणि वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यांवरचा १८ टक्के कर गेला.

सरकारकडून मिळणाऱ्या गोष्टींत लसीकरणाची किंमत मध्यमवर्ग बऱ्याचदा लक्षात घेत नाही. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला या लसी सरकारी केंद्रावर मोफत असतात. खासगी दवाखान्यात महाग पडणारी न्यूमोकोकल लसही २०२१ पासून देशभर त्यात आहे. खासगी डॉक्टर यापलीकडच्या काही लसी सुचवतात. कुठल्या मोफत आहेत आणि कुठल्या जादाच्या, हे विचारून घेतलं तर पहिल्या दीड वर्षातले बरेच हजार रुपये वाचतात. अडचण पुन्हा घड्याळाचीच: सरकारी केंद्राचा लसीकरणाचा वार ठरलेला असतो, खासगी डॉक्टर संध्याकाळी आठलाही असतात.

मुलींसाठीच्या दोन योजना माहीत असाव्यात. राज्याची ‘लेक लाडकी’ पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या कुटुंबांसाठी आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. दुसरी केंद्राची सुकन्या समृद्धी, २०१५ पासूनची. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत खातं उघडता येतं, वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, भरणा १५ वर्षं आणि मुदत २१ वर्षं. व्याजदर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला; त्याचा दर तिमाहीला आढावा होतो. हाच दर टिकला तर महिन्याला हजार रुपये भरणाऱ्याला शेवटी साधारण साडेपाच लाख मिळतील. पण महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेली, तर २१ वर्षांनंतरच्या त्या रकमेची खरेदीची ताकद आजच्या सुमारे १ लाख ६० हजारांएवढीच असेल. योजना चांगली आहे, मुलीच्या शिक्षणाची सगळी तजवीज तिच्यावर टाकून मोकळं होण्याइतकी मोठी नाही.

मूल घरात आल्यावर कमावत्या माणसाच्या विम्याचा प्रश्नही तातडीचा होतो. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं आयुर्विमा संरक्षण देतो, सुरक्षा विमा २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण. तरुण कुटुंबाला ही रक्कम तोकडी आहे, पण काहीच नसलेल्या घरात सुरुवात म्हणून चालते. त्याहून जास्त घोळ कागदांत असतो. बऱ्याच घरांत दूध-भाजी-फीचा हिशोब एकाला ठाऊक आणि ठेवी-विमा-कर्जाचा दुसऱ्याला. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अजून आई किंवा वडीलच वारस म्हणून नोंदलेले असतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीवर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहिता येतो. विम्यात अज्ञान मुलाचं नाव घालायचं असेल, तर ते १८ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या प्रौढ माणसाचं नावही द्यावं लागतं. काकाचं लिहायचं की मावशीचं, एवढं ठरवायला तरी नवरा-बायकोला सगळी कागदपत्रं पुढ्यात घेऊन एक संध्याकाळ काढावी लागते.