पॉलिहाऊसची वरची खिडकी : मोटर असली तरी हँडल हवंच

गरम हवा हलकी, ती वर जाते. म्हणून पॉलिहाऊसच्या माथ्याला खिडकी ठेवतात. बाजूचे पडदे उघडले की खालून गार हवा येते आणि माथ्यातून गरम हवा निघून जाते. वरची खिडकी बंद राहिली तर उष्णता आतच कोंडते.

ही खिडकी उघडायच्या दोन पद्धती आहेत. एक हाताची. खाली उभं राहून हँडल फिरवायचं, गिअर पाईप फिरवतो आणि पाईपवर पडदा गुंडाळला जातो. वर्म गिअर असेल तर हँडल सोडलं तरी पडदा घसरत नाही.

दुसरी मोटरची. मोटर लांब दांडा फिरवते, त्यावरची दातेरी चाकं दातेरी पट्ट्या ढकलतात आणि झडप उघडते. पूर्ण उघडल्यावर लिमिट स्विच मोटर थांबवतो. तो बिघडला तर पट्टी वाकते, प्लास्टिकचा कागद फाटतो.

खरी अडचण वळवाच्या वेळी येते. वादळ सुटलं की आधी लाईट जाते. झडप उघडी राहिली तर वारा आत शिरून कागद उचलतो. म्हणून शेतकरी बांधवांनो, मोटर घेताना हाताने बंद करायची सोय आहे का, हे आधी विचारा. आणि उन्हाळ्यात ते हँडल अधूनमधून फिरवून बघा.