शोधपत्रकारितेचें उच्च शिक्षण

पत्रकार हा जन्मावा लागतो, तो वर्गांत घडवितां येत नाहीं, असा समज एके काळीं वृत्तपत्रसृष्टींत दृढ होता. अमेरिकेंतील वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांस तो मान्य नव्हता. वकिलास व वैद्यास जर शिक्षण लागतें, तर लोकमत घडविणाऱ्यास तें कां नको, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांच्या देणगींतून १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पत्रकारितेचें विद्यालय सुरू झालें. तेथेंच २००६ सालीं शोधपत्रकारितेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीं स्टेबिल केंद्र स्थापन झालें.

या शिक्षणांत शिकवावयाचें तें काय? गुप्त पोलिसाची चतुराई येथें फारशी उपयोगी पडत नाहीं. मुख्य अभ्यास असतो तो कागदांचा. कंपन्यांच्या नोंदी, जमिनीचे दस्तऐवज, न्यायालयांतील कागदपत्रें व हिशेबाचे ताळेबंद वाचावयाचे आणि एकाचा दुसऱ्याशीं मेळ घालून पाहावयाचा.

केंद्राच्या पहिल्या संचालिका शीला कोरोनेल यांचें पूर्वीचें कार्य याचें उत्तम उदाहरण होय. फिलिपाइन्समध्यें त्यांनीं सहकाऱ्यांसह १९८९ सालीं शोधपत्रकारितेची एक संस्था काढली. २००० सालीं या संस्थेनें राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांचें मालमत्तेचें विवरणपत्र आणि कंपन्यांच्या सरकारी नोंदी शेजारीं शेजारीं ठेवून तपासल्या. दोहोंचा मेळ बसेना. विवरणपत्रांत न आढळणाऱ्या कंपन्या नोंदींत दिसत होत्या. पुढें जुगाराच्या पैशाचे आरोप झाले, महाभियोग उभा राहिला, आणि त्यांत या संशोधनाचाही आधार घेण्यांत आला. जानेवारी २००१ मध्यें एस्ट्राडा यांस पद सोडावें लागलें.

परंतु हेंच शस्त्र उलटूंही शकतें. एका नांवाचीं दोन माणसें असतात. नोंदींत चुका असतात. माहिती देणाऱ्याच्या मनांत वैर असूं शकतें. चुकीचें नांव एकदां छापून गेलें, कीं दुसऱ्या दिवशींच्या दिलगिरीनें गेलेली अब्रू परत येत नाहीं. म्हणून प्रत्येक विधानास पुरावा कोणता, हें विद्यार्थ्यास ओळीगणिक दाखवावें लागतें. आणि ज्याच्यावर आरोप करावयाचा, त्यास उत्तर देण्याची संधि छापण्यापूर्वीं द्यावी लागते.

भारतांत २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें सरकारी कागद मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. कागद हातीं आला, तरी तो वाचावा कसा आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, हें मात्र शिकावेंच लागतें.