किशोरवयीन दत्तक मूल परदेशी नेताना

दत्तक घेतलेले तान्हे बाळ विमानात झोपते आणि नव्या घरात जागे होते. तेरा वर्षांच्या मुलीचे तसे नसते. तिला मैत्रिणी आहेत, शाळेतला ठरलेला बाक आहे, बालगृहातल्या ताई आणि मावशी आहेत. हे सगळे मागे ठेवून ती तुमच्याबरोबर येणार आहे. म्हणून तयारी म्हणजे केवळ इंग्रजीची शिकवणी आणि थंडीचे जाकीट नव्हे.

हा लेख मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या आणि महाराष्ट्रातल्या संस्थेतून मोठे मूल दत्तक घेणाऱ्या मराठी पालकांसाठी आहे. इतर देशांत व्हिसा आणि तपासण्यांचे नियम वेगळे असतात. मुलाच्या मनाबद्दल जे लिहिले आहे ते मात्र कुठेही लागू पडेल.

हातात असलेले महिने

तुम्ही मुलाला होकार दिल्यानंतर 'कारा'चे ना हरकत प्रमाणपत्र, दत्तक आदेश, पासपोर्ट आणि व्हिसा यांत बरेच महिने जातात. पालकांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. मुलाच्या दृष्टीने मात्र तयारीचा खरा वेळ हाच असतो.

संस्थेच्या परवानगीने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा. डिस्नेलँडचे फोटो दाखवण्यापेक्षा तुमचे स्वयंपाकघर, शाळेच्या बसचा थांबा, सायंकाळी पाचला अंधारून येणारी हिवाळ्यातली खिडकी दाखवा. तुम्ही दोघे कामावरून किती वाजता येता, घरी आधीचे मूल असेल तर ते कसे चिडते, हेही सांगा. 'तिकडे सगळं छान आहे' असे ऐकून गेलेल्या मुलाला पहिल्याच वाईट दिवशी वाटते की चूक आपलीच आहे.

तिला एक प्रश्न जरूर विचारा: कुणाशी संपर्क तुटू नये असे तुला वाटते? ती नावे, फोन नंबर आणि फोटो एका वहीत ठेवा. पोहोचल्यावर त्या मैत्रिणीला, त्या मावशीला फोन करू द्या. अनेक पालकांना भीती वाटते की जुने धागे राहिले तर मूल आपले होणार नाही. अनुभव उलटा आहे. मागच्या माणसांबद्दल मोकळेपणाने रडता येते, त्याच घरात मूल लवकर रुळते. तिची जुनी चादर किंवा ओढणी बॅगेत येऊ द्या, आणि लगेच धुवायला टाकू नका. तो वास तिच्या ओळखीचा आहे.

भारत 2003 पासून आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराचा भाग आहे. या करारानुसार मुलाच्या वयाप्रमाणे त्याचे मत विचारात घ्यावे लागते. हा सोपस्कार म्हणून उरकू नये. तुम्ही समोर नसताना तिला समुपदेशकाशी बोलायला मिळते ना, हे संस्थेला विचारा. आणि नातेवाइकांना आधीच बजावून ठेवा: 'नशीब काढलंस हो पोरी' हे वाक्य घरात नको. ज्याच्यावर सतत उपकारांचे ओझे आहे, ते मूल राग आणि दुःख आत दाबते.

तपासण्या आणि लशी

अमेरिकेच्या व्हिसासाठी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे तपासणी होते. भारतातून जाणाऱ्या 2 ते 14 वर्षांच्या मुलांना क्षयरोगासाठी आयजीआरए ही रक्तचाचणी लागते. 15 वर्षांपासून पुढे छातीचा एक्स-रेही काढतात. रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षयरोग झाला असे नाही. पुढच्या तपासण्यांत काही सापडले नाही, तर जंतू शरीरात सुप्त आहेत असा अर्थ होतो, आणि अशा मुलापासून कुणाला लागण होत नाही. मात्र 'बीसीजीमुळे आली असेल' म्हणून सोडून देऊ नका. बीसीजी लशीने ही चाचणी पॉझिटिव्ह होत नाही. सुप्त संसर्गावर काही महिन्यांचे औषध देता येते.

दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांना व्हिसाआधीच्या लशींतून सवलत मिळू शकते, किशोरवयीनांना ती नाही. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, पण गालगुंड आणि कांजिण्यांची मिळत नाही. अमेरिकेतल्या शाळा त्या बहुधा मागतात. संस्थेकडून लसीकरणाच्या मूळ कार्डाची प्रत घ्या. नोंद नसेल तर डॉक्टर लस पुन्हा देतात किंवा काही आजारांसाठी रक्तातली प्रतिपिंडे तपासतात.

सुई टोचणार आहे, किती वेळा आणि कशासाठी, हे तिला आदल्या दिवशी सांगा. अंगाला हात लावण्याआधी डॉक्टरांनी विचारावे, असा आग्रह धरा. मागे काय घडले आहे याची माहिती कुणाकडेच नसेल, तर हे अधिकच महत्त्वाचे.

पोहोचल्यावर दोन-तीन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी करून घ्या. रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची कमतरता, जंत, दात, दृष्टी आणि श्रवण यांकडे लक्ष हवे. नीट न दिसणारे मूल वर्गात 'मंद' ठरते, हे दोन्ही देशांत घडते. कागदावरची जन्मतारीख अंदाजे असू शकते हे डॉक्टरांना सांगा. आंतरदेशीय दत्तक मुलींमध्ये वयात येणे लवकर सुरू होऊ शकते, म्हणून पाळीबद्दल निघण्यापूर्वीच बोला आणि प्रवासाच्या बॅगेत पॅड ठेवा.

पहिले काही आठवडे

तुम्ही हौसेने सजवलेली स्वतंत्र खोली तिला भीतिदायक वाटू शकते. आजवर ती वीस मुलींबरोबर एका हॉलमध्ये झोपली असेल. दार उघडे ठेवा, दिवा लावून ठेवा, तिला जमिनीवर गादी हवी असेल तर घाला. उशीखाली पोळी किंवा बिस्किटे सापडली तर ती चोरी नव्हे. अन्न पुन्हा मिळेल याची खात्री पटायला वेळ लागतो. तिला हात घालता येईल असा खाऊचा डबा ठेवा आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नका.

पाहुण्यांच्या रांगा, सत्यनारायण, मंडळाचा कार्यक्रम हे थोडे पुढे ढकला. 'आई' म्हणायला लावू नका. नाव बदलू नका.

तुमच्या घरात मराठी आहे ही मोठी जमेची बाजू. पण तिची मराठी वऱ्हाडी असेल, अहिराणीच्या वळणाची असेल, किंवा ती हिंदीच बोलत असेल. तिचे 'पानी' दुरुस्त करत बसू नका. बोलण्यापुरती इंग्रजी एक-दोन वर्षांत येते. विज्ञानाचा धडा समजण्याइतकी यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. शाळेशी इयत्ता ठरवताना हा फरक मांडा आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांसाठीची मदत मागा.

सुरुवातीचे शहाणे वागणे संपले की राग, अबोला, 'मला परत पाठवा' हे येऊ शकते. 'परत पाठवीन' ही धमकी थट्टेतही तुमच्या तोंडून जाऊ नये.

कागदपत्रे तिच्याही हाती

आईवडिलांपैकी एकजण अमेरिकन नागरिक असेल आणि दत्तक प्रक्रिया भारतातच पूर्ण झाली असेल, तर मूल 18 वर्षांच्या आत तिथे राहायला पोहोचल्यावर नागरिक होते. तरीही नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट काढून ठेवा. कागद न केल्यामुळे मोठेपणी अडचणीत आलेले दत्तक लोक त्या देशात आहेत. दत्तक आदेश, संस्थेचा अहवाल आणि आरोग्याच्या नोंदींची एक फाइल तिच्या नावाने ठेवा. भारतीय नियमांनुसार ती 18 नंतर स्वतः, आणि त्याआधी तुमच्यासह, आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकते.

मदत कधी घ्यावी

अनेक आठवडे झोप न लागणे, जेवण टाकणे, स्वतःला इजा करणे, मध्येच हरवल्यासारखे शून्यात पाहणे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांपैकी काही दिसले तर 'रुळेल हळूहळू' म्हणून थांबू नका. दत्तक मुलांचा आणि आघातांचा अनुभव असलेला समुपदेशक शोधा. दुभाषाचे काम तुम्ही करू नका. काही गोष्टी तिला तुमच्याबद्दलच सांगायच्या असतील. अमेरिकेत 988 आणि भारतात 14416 या क्रमांकांवर मानसिक संकटात मदत मिळते. तातडीच्या वेळी 911 कसा लावायचा आणि घरचा पत्ता इंग्रजीत कसा सांगायचा, याचा सराव मात्र विमानात बसण्याआधीच करून घ्या.